करकोच्यांचे डोळे

"जन्या, हिला सोंड काढलीस व्हय रं?"

भागूआत्या माझ्या शेडच्या दारात उभी होती. एक हात चौकटीला, दुसरा कमरेवर. समोर पाटावर माझा पहिलावहिला करकोचा उभा होता. मी दोन पावलं मागं सरून बघितलं, आणि आत्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या कुंभारवाड्यात तीन पिढ्या गणपतीच घडले. मधूनअधून गौरीचे मुखवटे आणि पोळ्याला बैल, एवढाच काय तो पालट. हाताला सोंडेचं वळण बसलेलं. चोच काढायला घेतली की ती खाली उतरून, डावीकडं वळून मोदकाच्या शोधात निघायची.

"करकोच्याची चोच शेवटाला वाकडीच असती आत्या."

"वाकडी असती. लाडू खात नसती." ती आत आली, करकोच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून त्याच्यासमोर उकिडवी बसली. "आन् हिचं डोळं कुठंत?"

"डोळे शेवटी. देवाला तसंच ह्यांना. जागेवर बसवल्यावर."

"मग बराबर हाय," आत्या म्हणाली. "आंधळी हाय तंवर हिला काय म्हनायचं न्हाई."

ही भागूआत्या साऱ्या गावाची आत्या. मी तिच्या नात्यातला ना गोत्यातला, पण मीही आत्याच म्हणायचो आणि माझा मुलगाही. तरुणपणी ती बाळंतपणाला म्हणून माहेरी आली ती परत गेलीच नाही. मूल राहिलं नाही, आणि न्यायला कोणी आलं नाही. तिच्या वडिलांनी गावाबाहेरची जागा तिच्या नावे केली. जागा कसली, एक चिंच आणि तिच्या सावलीत मावेल एवढं घर. पण ती चिंच अशी होती की आमच्या चिंचसावळी गावात पाहुणा आला तर आधी तिला भेटायचा, मग यजमानाला.

त्या चिंचेवर दरवर्षी संक्रांत झाली की करकोचे उतरत. पांढरे, कमरेइतके उंच, चोच पिवळी, शेपटीपाशी गुलालाची मूठ मारल्यासारखा रंग. शहाण्या लोकांत त्यांना चित्रबलाक म्हणतात. आम्ही त्यांना 'लेकी' म्हणायचो. बाळंतपणाला यायच्या, पिलं मोठी करायच्या आणि पावसाच्या तोंडावर लेकरंबाळं घेऊन निघून जायच्या. दुसरं काय म्हणणार?

बाळंतिणी घरात असताना गोंगाट करायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा. लग्नसराई नेमकी त्याच दिवसांतली. परगावचं वऱ्हाड वाजतगाजत ओढ्यापर्यंत यायचं, तिथं बँडवाले तोंडातली पिपाणी काढून उभे राहायचे, आणि तिथून पुढं नवरदेव घोड्यावर बसून, चोरी करायला आल्यासारखा, मुकाट्यानं गावात शिरायचा. निवडणूक जिंकलेल्या सरपंचानं गुलाल उधळावा, फटाके मात्र पावसाळ्यात उडवावेत. तोवर ते सादळलेले असत आणि सरपंचही.

पहिली लेक फांदीवर टेकली की आत्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. झाडाखाली उभी राहून वर बघत ओवाळायची आणि तुकडा लांब टाकायची. मग पुढचे पाच-सहा महिने झाडावरून अंगणात मासळी पडायची. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ. ती नाकाला पदर लावून काठीनं मासा बाजूला सारायची आणि गावातल्या सगळ्या मांजरांना सांगायची, "न्या गं बायांनो. लेकीनं आनलेलं टाकू नये."

अशा त्या चिंचेवरून चौपदरी रस्ता जायचं ठरलं.

रस्त्याबरोबर हेर्लेकर साहेब आले. त्यांचं पद 'पर्यावरण भरपाई अधिकारी' असं होतं. ते ऐकून मला वाटलं, पर्यावरणाचं काही बरंवाईट झालं असावं आणि साहेब वारसांच्या शोधात असावेत. माणूस मात्र चांगला होता. तरुण, सडपातळ, गळ्यात दुर्बीण. बोलताना समोरच्याचं ऐकायचासुद्धा.

त्यांनी बैठक चिंचेखालीच घेतली. दिवस लेकींचे. टेबलावर नकाशा पसरून साहेबांनी रस्त्याच्या रेघेवर बोट ठेवलं आणि वरून नेमका तिथंच पांढरा सडा पडला. साहेबांनी रुमालानं पुसला. तो पसरला आणि बघताबघता रस्ता आठपदरी झाला.

गाव हसलं. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "माज्या घराचं काय ते बगा तुमी, मला त्याचं काय न्हाई. ह्यांचं काय?"

"त्यांचीच तर व्यवस्था करायला मी आलोय आजी." साहेब खुर्ची सोडून तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "धरणाच्या फुगवट्याकाठी त्यांच्यासाठी नवी जागा करतोय आपण. झाडं लावू, पण ती वाढेपर्यंत लोखंडी झाडं. त्यांवर घरटी करायला जाळ्या. इथून पाणी केवढं लांब! तिथं दारातच मासे. पिलू खाली पडलं तर मांजर नाही."

शेवटचं वाक्य आत्याला लागलं. मांजरांचं तिच्या मनात होतंच.

"पण त्या वळखतील कशा? बिनमान्साच्या घरात कोन उतरंल?"

"अगदी बरोबर," साहेब खूश झाले. "पक्षी वरून आधी बघतात, इथं आपल्यातलं कुणी राहतंय का. मगच उतरतात. म्हणून आपण खोटे पक्षी बसवणार. हुबेहूब."

"म्हंजी स्थळ बगाय गेल्यावर शेजारपाजार बगत्यात तसं."

"अगदी तसंच."

आत्यानं बराच वेळ वर बघितलं. वर लेकींच्या चोचींची कटकट चालली होती. ह्या पक्ष्यांच्या गळ्यात आवाज नसतो, ते चोचीवर चोच आपटून बोलतात. गाव आत्याच्या तोंडाकडं बघत होतं. चिंच तिची होती. ती नाही म्हणाली असती तर अख्खं गाव नाही म्हणालं असतं, आणि मग रस्ता वळला असता की गाव, ते देव जाणे.

"मूर्ती कोन करनार?" तिनं विचारलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"जन्या करनार आसंल तर तोडा," आत्या म्हणाली. "माज्या लेकी गेल्यावर. आदी न्हाई."

चिंच पडली ती भर पावसाळ्यात, झाड रिकामं झाल्यावर. शब्द दिला तसा साहेबांनी पाळला. आत्या त्या दिवशी सकाळीच माझ्या शेडमध्ये आली आणि न विचारता शाडू तिंबायला बसली. दुपारी गावाबाहेरून आवाज आला. पत्र्याची शेड थरथरली, रंगाच्या डब्यांची झाकणं वाजली. आत्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. संध्याकाळपर्यंत ती माती तिंबत राहिली. तसली मऊ माती माझ्या हाताला त्याआधी कधी लागली नव्हती आणि नंतरही लागली नाही.

गणपती उरकले आणि मी करकोच्यांना लागलो. फायबरचे, आतून लोखंडी सळई घातलेले, पंचवीस-तीस करकोचे. सोंडेची खोड दोन-तीन करकोच्यांनंतर सुटली. आत्या आता गावात एका खोलीत राहायची; तिथून रोज येऊन बसायची आणि सासूच्या नजरेनं एकेकीला तपासायची. "ही लय जाड झाली." "हिची मान बग, सरपंचाच्या बायकूसारखी." एका बसक्या करकोचीजवळ ती थांबली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही दिसभरलेली वाटती रं." त्या करकोचीला ती पुढं 'थोरली' म्हणायला लागली.

फुगवट्याकाठी लोखंडी झाडं उभी राहिली. पाइपाला पाइप जोडून फांद्या, फांद्यांवर टोपलीएवढ्या जाळ्या. रंग हिरवा, झाडाचा हिरवा नव्हे, एसटी स्टँडावरच्या बाकड्याचा. साहेबांनी माझे करकोचे मोठ्या विचारानं बसवून घेतले. कोणी पाण्याकडं तोंड करून, कोणी एकमेकींकडं, कोणी पंख सैल सोडून. घर असतं तसं.

उद्घाटनाला पाहुणे येणार होते. त्यांच्या आधी त्यांची माणसं येऊन पाहणी करून गेली आणि त्यांना एक गोष्ट खटकली. मांडव गावाच्या बाजूला होता आणि निम्म्या करकोच्यांची पाठ मांडवाकडं होती.

"पाहुण्यांकडं पाठ?" त्यातला एकजण म्हणाला. "दिसायला बरं दिसंल का हे?"

"अहो, पक्षी असे सगळे एका दिशेला नसतात," साहेब म्हणाले.

"साहेब, पक्षी न्हेमी हितंच हायेत. पाव्हनं एकदाच येनार."

वेल्डरला बोलावलं. त्यानं सगळ्याजणी मांडवाकडं तोंड करून वळवल्या. शाळेच्या फोटोला उभ्या केल्यासारख्या. उद्घाटनानंतर त्या पुन्हा फिरवायच्या असं ठरलं होतं, पण वेल्डर दुसऱ्या कामावर गेला तो गेलाच.

सगळ्या वळल्यावर मी शिडी लावली आणि डोळे काढायला घेतले. आत्या धुवट लुगडं नेसून खाली उभी, हातात भाकरतुकडा. एकेकीचे डोळे उघडले की ती ओवाळायची. साहेब मान वर करून बघत होते. जरा वेळानं ते शिडीपाशी आले.

"मूर्तिकार, डोळे जरा मोठे होतायत."

मला कळत होतं. करकोच्याचा डोळा मण्याएवढा, नुसता गोल. पण डोळा काढायचा म्हटलं की माझा हात ऐकत नसे. लांबट, शांत, भक्ताकडं बघणारा डोळा उतरत होता.

"आणि पापण्या कशाला काढल्या? पक्ष्यांना अशा पापण्या नसतात हो."

मी काही बोलायच्या आत आत्यानं खालून विचारलं, "मग त्या झोपत्यात कशा?"

साहेब शिडी धरून उभे राहिले. "काढा तशाच," म्हणाले.

परतताना आत्यानं मला विचारलं, "येतील न्हवं रं?"

"माझ्या मूर्तीपुढं माणसं नवस बोलतात आत्या. करकोच्यांचं काय घेऊन बसलीस!"

तिला बरं वाटलं. मलाही वाटलं.

संक्रांत झाली आणि त्या आल्या. नेहमीसारख्या, सकाळची उन्हं चढताना. मी शेडमधून पळत सुटलो. आत्या आधीच तिथं उभी होती, म्हणजे पूर्वी तिचं अंगण होतं तिथं. आता तिथं रस्त्याचा मुरूम पडला होता आणि डंपर ये-जा करत होते. तिच्या हातात ताट होतं.

लेकी वर घिरट्या घालत होत्या. मग एकेक खाली यायला लागली. पंख आवरत, पाय पुढं सोडत, फांदी धरायला येतात तशा. आणि हवेत जिथं फांदी होती तिथं पोचली की पाय तसेच लोंबते ठेवून पुन्हा वर. पुन्हा खाली. पुन्हा वर. एक डंपरवाला गाडी बंद करून खाली उतरला आणि त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात धरलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"तिकडं गं!" आत्या ओरडली. तिनं ताट माझ्या हातात कोंबलं आणि दोन्ही हात फुगवट्याकडं करून ती रस्त्यानं पळायला लागली. "हितं न्हाई आता! तिकडं केलंय तुमचं! तिकडं चला, माज्या बायांनो, तिकडं!"

त्या वयात तिला तसं पळताना बघून हसू येण्यासारखं होतं. कोणी हसलं नाही.

आम्ही फुगवट्यावर पोचलो तेव्हा साहेब तिथं दुर्बीण लावून उभे होते. लेकींचा थवा वर आला. खाली माझे पंचवीस-तीस करकोचे शिस्तीत मांडवाच्या रिकाम्या जागेकडं बघत उभे. थव्यानं एक मोठी घिरटी घेतली. मग त्यातली एक सुटली, खाली आली आणि थोरलीच्या शेजारी जाळीवर उतरली.

साहेबांनी माझा दंड धरला.

ती पाहुणी जरा वेळ उभी राहिली. मान तिरकी करून तिनं थोरलीकडं बघितलं. मग चोच वाजवली. कट-कट-कट. थांबली. पुन्हा वाजवली.

"बोल की गं," आत्या हळूच म्हणाली. "तुला बोलतीया ती. बोल."

थोरली माझ्या हातची होती. तिनं शांत, लांबट डोळ्यांनी समोर बघितलं.

पाहुणी उडाली. आम्हाला वाटलं संपलं. पण ती बाभळीची एक काडी घेऊन परत आली, थोरलीच्या पायाशी ठेवली आणि पुन्हा चोच वाजवून बघितली. घरटं करताना त्या अशाच एकमेकींना काड्या देतात, हे चिंचेखाली वाढलेल्या आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दिलेली काडी दुसरीनं घ्यायची असते. हेही ठाऊक होतं.

उन्हं कलली तशी ती उठून थव्यात गेली आणि थवा धरणाच्या पलीकडं दिसेनासा झाला.

"सवय व्हायला वेळ लागतो आजी," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी येतील." गिऱ्हाइकाला मी 'उद्या नक्की' म्हणतो तेव्हा माझा आवाज असा होतो, म्हणून मला तो ओळखू आला.

पुढच्या वर्षी आकाशात कोणीच आलं नाही. रस्ता तेवढा आला. गुळगुळीत, काळाभोर, आणि खरंच चांगला. तालुक्याला जायला पूर्वी निम्मा दिवस मोडायचा, आता चहा निवायच्या आत पोचतो. नावं ठेवायला त्यात जागा नाही. मी शोधून बघितली.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी आत्या शेडवर आली. "ब्रश घे," म्हणाली. "काळा रंग घे, पांढरा घे. शिडी घे. चल."

फुगवट्यावर गेल्यावर पहिल्या लोखंडी झाडाखाली उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "ह्यांचं डोळं मिट."

"काय?"

"मिट. पापन्या हायेत न्हवं? मिट त्या."

आत्या, मी म्हणालो, आजवर मला लोकांनी डोळे उघडायला बोलावलं. मिटायला कुणी बोलावलं नाही. हे आमच्या धंद्यात बसत नाही.

ती दगडावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"जन्या, म्या भरल्या दिसाची ह्या गावात आले न्हवं, तवा भाऊ म्हनत हुतं, चार दिस ठिवा आन् धाडा माघारी. बा म्हनला, बाळंतपनाला आल्याली लेक दारातनं धाडत न्हाईत. म्हनून म्या हितं हाय. त्यानं ती चिंच मला दिली ती का आसंल?" ती थांबली. "आन् म्या तोंडानं म्हनलं, तोडा. धाडलं न्हवं मी माघारी?"

साहेबांनी तर जागा करून दिली होती, मीही जिवापाड केलं होतं, असं काहीतरी मी म्हणालो.

"केलं की. समद्यांनी केलं. सायेब वाईट न्हाई, तू वाईट न्हाईस. पर ह्या बग कशा बसल्यात. कुनी येत न्हाई, जात न्हाई, नुसत्या वाट बगत्यात उनातानात. त्यांनी काय केलंय? मिट, बाबा. निजू दे त्यास्नी."

मी शिडी लावली. पांढऱ्या रंगानं बुबुळ झाकायचं आणि वर काळी एकच रेघ, खाली झुकलेली. डोळा उघडायला मला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात तो मिटतो. खाली आत्या प्रत्येकीला नाव घेऊन निरोप देत होती. ही जाड. ही सरपंचाची बायको. सासूच्या नजरेनं ठेवलेली नावं तिनं सगळी लक्षात ठेवली होती.

शेवटी थोरली राहिली. तिच्या पायाशी ती बाभळीची काडी अजून होती, जाळीच्या तारेत अडकलेली. मी ब्रश रंगात बुडवला.

"हिचं राहू दे," आत्या म्हणाली.

"का गं?"

"हिच्यासंगं एकजन बोलून गेलीया. कुनी सांगावं, पुन्यांदा आली तर?" ती उठली आणि लुगडं झटकलं. "माहेरात एकजन तरी जागं पायजे."

हेर्लेकर साहेब पाहणीला आले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी दुर्बिणीशिवाय बघितलं, बराच वेळ. मला वाटलं रागावतील.

"पापण्या होत्या म्हणून बरं," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. पुढं त्यांची बदली झाली.

आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. उन्हानं रंग उडतो, म्हणून संक्रांत झाली की मी शिडी घेऊन फुगवट्यावर जातो आणि थोरलीचे डोळे पुन्हा उघडून येतो. मिटलेल्यांना काही करावं लागत नाही. जाताना भाकरीचा तुकडा नेतो. वरून उतरणारं कोणी नसतं, म्हणून हवेत ओवाळतो.

आणि एक राहिलं. रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक भोंगे वाजवत जातात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. पण त्या दिवसांत लग्न असलं की आमच्याकडं बँड अजून ओढ्यापाशीच थांबतो. परवा एक परगावचा नवखा बँडवाला वैतागला. तोंडातली पिपाणी काढून मला म्हणाला, "काका, गावात कुणी झोपलंय का?"

"झोपल्यात की बऱ्याचजणी," मी म्हणालो. "एक तेवढी जागी हाय."